सगळ्यांना लालच बाटली

उमरगा, ४ डिसेंबर १९६३

ती. दादांस,

नमस्कार. चरणी साष्टांग वगैरे लिहायची सवय नऊ वर्षांत मोडली, तेव्हा एका नमस्कारावर भागवून घ्या.

तुमचं पत्र पोचलं. पाकिटावर 'वनमालाबाई, नर्स, डॉ. कल्याणप्पांचा दवाखाना' असा पत्ता होता. ज्या शब्दापायी तुम्ही मला 'या घराला तू मेलीस' म्हणालात, तो शब्द तुमच्याच पत्रावर बघून मला हसू आलं. पोस्टमनसाठी का होईना, लिहिलात. अक्षर मात्र नीलाचं आहे. म्हणजे तुमचा मोतीबिंदू पिकत आला आणि आता लिहिणं-वाचणं तीच करते. तेव्हा हे पत्रही तीच वाचून दाखवत असणार. नीला, बाळ, आत्याचा आशीर्वाद. मी नर्सिंग शिकायला निघाले त्या सकाळी तुझी वेणी घट्ट घातली म्हणून तू माझ्याशी बोलली नव्हतीस. मी विधवा होऊन माहेरी आले आणि पुढं वहिनी गेल्या, तेव्हापासून तुझी वेणी मीच घालायचे. अजून सैल वेणी मला जमत नाही.

आता तुमचा प्रश्न. नऊ वर्षांनी पत्र आलं ते वनमाला जगली की मेली हे विचारायला नाही. इथल्या भीमाशंकररावांचा मुलगा राघवेंद्र नीलाला सांगून आला आहे, पंचायत समितीत कारकून आहे, घर चांगलं आहे, अणदूरचे बाबूराव मध्यस्थ आहेत. इथवर सगळं ठीक. पण कुणीतरी त्याला आमच्या दवाखान्याच्या बाकावर बसलेला पाहिला, हातात लाल बाटली होती, आणि आमच्याकडं अफू सोडवायला माणसं येतात हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. तेव्हा तो अफूसाठी येत होता का, 'होय की नाही एवढंच कळव', असं तुम्ही लिहिता.

दादा, मी कळवणार नाही. होय असलं तरी नाही आणि नाही असलं तरी नाही.

तुम्हाला वाटेल, ही जुना राग काढते. राग आहेच, तो मी लपवत नाही. पण त्याचा याच्याशी संबंध नाही. निजामाच्या राज्यात अफू दुकानात उघड मिळायची हे तुम्हीही पाहिलंय. पोट दुखलं की गोळी, झोप नाही की गोळी, रानात जाताना तान्हं पोर रडतंय तर त्यालाही मोहरीएवढी गोळी. राज्य गेलं, दुकानं गेली, पण माणसांच्या अंगात मुरलेली अफू सरकारी हुकमानं निघत नाही. ती औषधातून थोडी थोडी कमी करत काढावी लागते आणि त्यासाठी माणसाला बाजारामागून बाजार यावं लागतं. बाजाराला तर गावोगावचे लोक. सडकेच्या कडेला आमचा बाक, त्यावर बसलेला माणूस सगळ्यांना दिसतो.

म्हणून आमच्या डॉक्टरांनी पहिल्यापासून एकच रीत ठेवली आहे. खोकला असो, गुडघा असो, जंत असो नाहीतर अफू, सगळ्यांना सारखीच बाटली, सारखंच लाल औषध, वर मात्रांच्या खुणांची कातरलेली कागदाची पट्टी. चवही सगळ्यांची कडूजहर. आत काय आहे ते डॉक्टर जाणतात आणि मी. लहान पोरं मला शिव्या देतात, खोकल्याचं औषध एवढं कडू कशाला म्हणून. आठवतं ना, आपले आप्पा कुठलंही औषध देताना आधी गंगेचा श्लोक म्हणवून घ्यायचे आणि मगच चमचा तोंडात. इथलं औषध पिताना देवाचं नाव आपोआप तोंडी येतं.

तेव्हा लाल बाटली दिसली यावरून काही ठरत नाही, आणि मी बोलावं तर ती बाटली लाल ठेवून उपयोग काय. नीलाला चांगलं घर मिळावं असं मला तुमच्याइतकंच वाटतं.

वनमाला


उमरगा, २२ डिसेंबर १९६३

ती. दादांस,

नमस्कार. तुमचं दुसरं पत्र लगेच आलं. माझं पहिलं उत्तर तुम्हाला झोंबलेलं दिसतं, पण या वेळी तुम्ही रागावला नाहीत, तुम्ही लालूच दाखवलीत. 'खरं काय ते एका ओळीत कळव. मागचं विसरू. नीलाच्या लग्नाला ये, लग्नानंतर इथंच राहा, तुझी खोली तशीच आहे.'

हे वाचून मी रडले. नीला, हे मोठ्यानं वाच, दादांना कळू दे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी एकटी राहते, एकटी जेवते. तुळजापूरच्या देवळाची घंटा मला इथं स्वप्नात ऐकू येते. आपल्या घरी परत यायला मिळावं यासाठी मी काय करणार नाही, असं मला वाटायचं. आता कळलं, एक गोष्ट करणार नाही.

तुम्ही विचारता, रक्ताचं नातं मोठं की परक्याचं गुपित? दादा, ज्याला अफू सोडायची असते तो इथं यायच्या आधीच लाजेनं अर्धा झालेला असतो. बायकोला माहीत नसतं, आईला माहीत नसतं. कुणी दुसऱ्या तालुक्यातून येतो, कुणी पटका बदलून येतो, कुणी नाव बदलून येतो. आम्ही विचारत नाही. जे नाव सांगेल ते त्याचं नाव. तो एका भरवशावर त्या बाकावर बसतो की इथून निघाल्यावर आपलं नाव कुणाच्या तोंडी येणार नाही. माझ्या नात्यातल्या माणसाला गरज पडली की तो भरवसा मी मोडायचा असेल, तर पाटी लावावी लागेल: 'नर्सबाईंचे भाऊबंद सोडून इतरांना काही सांगितलं जाणार नाही.'

आणि शेवटची ओळ तुम्ही शाळेत गणित शिकवायचात तशी लिहिलीत. 'नाही म्हणत नाहीस, म्हणजे होय समजतो.' तसं समजू नका, मी कळकळीनं सांगते. मी कुणाबद्दलच नाही म्हणत नाही. डॉक्टरांची आई शरणम्मा नव्वदीला टेकलेली आहे, सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही हे सगळं गाव जाणतं. उद्या तिच्याबद्दल कुणी विचारलं तरी मी नाही म्हणणार नाही. कारण स्वच्छ माणसाला मी स्वच्छ म्हणू लागले, की ज्याच्याबद्दल गप्प बसेन तो त्याच क्षणी उघडा पडेल. म्हणून सगळ्यांसाठी एकच कुलूप.

तुमचे बाबूराव परवा येऊन गेले. ते तुमच्या कामाला आले होते म्हणून लिहिते, एरवी लिहिलं नसतं. आधी माझ्याशी गोड बोलले, माझ्या आईवडिलांची आठवण काढली, तुळजाभवानीची शपथ घातली. मी ताकास तूर लागू दिली नाही. मग डॉक्टरांना काही विचारता येतं का बघावं म्हणून प्रकृती दाखवायला आत गेले. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं. काय झालं होतं ते मी सांगणार नाही. पण दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा लाल बाटली त्यांनी उपरण्याखाली दडवली होती आणि सडक संपेपर्यंत हात बाहेर काढला नाही. दुसऱ्याची बाटली बघायला आलेल्या माणसाला स्वतःची लपवावी लागली. यावरून तरी तुम्ही काही समजा.

खोली माझी आहे म्हणालात, त्याबद्दल देव तुमचं भलं करो. तिथं धान्याची पोती ठेवा.

वनमाला


उमरगा, १९ जानेवारी १९६४

दादा,

संक्रांतीला 'गोड बोला' म्हणून तिळगूळ पाठवायचा असतो. या वर्षी मी पाठवत नाही आणि गोडही बोलत नाही.

तुम्ही सोयरीक मोडलीत. मोडा, मुलगी तुमची आहे. नापसंत म्हणाला असतात, पत्रिका जमत नाही म्हणाला असतात, तरी चाललं असतं. पण तुम्ही बाबूरावांना निरोप दिलात, 'माझी बहीण तिथंच नर्स आहे, तिच्या पत्रावरून माझी खात्री झाली.' माझ्या पत्रावरून. ज्या पत्रात मी काहीच सांगितलं नाही, त्या पत्राला तुम्ही साक्षीला उभं केलंत. बाबूरावांची जीभ तुम्हाला माहीत आहे, उचलली की टाळ्याला लागते. त्यांनी ते उमरग्याच्या बाजारात चहाच्या दुकानात सांगितलं, नर्सबाईनं कळवलं म्हणून.

पुढं काय झालं ते ऐका. पंचायत समितीत राघवेंद्राच्या टेबलावर कुणीतरी रोज लाल शाईची दौत आणून ठेवतं आणि बाकीचे हसतात. तो दौत उचलून खिडकीत ठेवतो आणि कामाला लागतो. एवढं मला गावाकडून कळलं, त्याच्याकडून नाही.

आणि आमचा बाक रिकामा पडला. बाजाराच्या दिवशी जिथं बसायला जागा मिळत नाही तिथं फक्त एक कुत्रं झोपलं होतं. खोकल्याचेही आले नाहीत, कारण खोकल्याचा माणूसही आता तिथं बसला तर अफूवाला ठरतो. ज्यांची अफू अर्ध्यावर आली होती, त्यांचं काय झालं असेल याचा विचार करून मला जेवण जाईना. अर्ध्यावर औषध तुटलं की माणूस तडफडतो आणि पुन्हा गोळीकडं धावतो, मग पहिल्यापेक्षा जास्त. त्यातला एखादा मेला तर त्याचं पाप कुणाच्या माथी, ते तुमच्या गणितात बसवून बघा.

संध्याकाळी डॉक्टर माझ्यासमोर येऊन बसले. ते फार बोलत नाहीत. म्हणाले, "बाई, एकच इचारतो. तुमी सांगितलं काय?"

मी म्हणाले, "नाही."

"मग झालं. उद्या बाटल्या धुऊन ठिवा. मानसं येतील."

पुन्हा कधी त्यांनी तो विषय काढला नाही. परका माणूस, परकी जात, घरी कानडी बोलणारा. त्याला माझा एक शब्द पुरला. माझ्या पाठच्या नव्हे, पुढच्या भावाला दोन पत्रं पुरली नाहीत.

माणसं लगेच आली नाहीत. पुढच्या बाजारालाही बाक तसाच होता. दुपारकडं महालिंगप्पा आडत्यांच्या आई शांताक्का आल्या. वय झालेलं, पण बाजारात त्यांना वाट न देणारा माणूस नाही. मागं त्यांच्या सुना. आल्या त्या थेट बाकावर मधोमध बसल्या, सुनांना दोन्ही बाजूंना बसवलं आणि भर सडकेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वनमालाबाई, मला लाल बाटली द्या. अन् ह्या समद्यांला बी द्या. कुनाला काय झालंय ते बाजारानं वळखून दावावं. लई बगायची हौस हाय न्हवं लोकांला, बगा म्हणावं."

समोरच्या दुकानातून कुणीतरी हसत विचारलं, "शांताक्का, तुमी बी अफू खाता व्हय?"

"म्या अफू खाते का गूळ खाते, तुला काय करायचंय? तुज्या बापाला इचार, तो ह्याच बाकावर बसून बरा झालाय. खोकल्यानं का आनि कशानं, ते मला बी ठाऊक न्हाय."

दुकानातला माणूस आत गेला. डॉक्टरांनी एकेकीला तपासून औषध दिलं. शांताक्का बाटली पदराखाली न घेता हातात उंच धरून भर बाजारातून चालत गेल्या. त्या दिवशी दिवस मावळायच्या आत बाकावर आणखी माणसं येऊन बसली. किती आणि कोण, ते विचारू नका.

आता पुढचं नीलासाठी आहे. नीला, गाळू नकोस, दादांना ऐकू येईल असं वाच.

तू तुझ्या वडिलांच्या पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतंस, 'आत्या, मला ते स्थळ आवडलं आहे.' मी ते पाहिलं होतं. बाळ, तुझा प्रश्न वडिलांच्या प्रश्नासारखा नाही. तुला त्याच्याबरोबर जन्म काढायचा आहे, तेव्हा विचारायचा हक्क तुला आहे. पण माझ्याकडं नाही, बाबूरावांकडं नाही, बाजाराकडं तर नाहीच. ज्याचं आहे त्याला विचार, तोंडावर. सांगितलं तर ऐक, सांगितलं नाही तरी त्याचा अर्थ तुझा तू लाव. आणि जे ऐकशील ते पोटात ठेवायची तयारी असेल तरच विचार. नाहीतर पत्रिका बघून लग्न कर आणि सुखी राहा, बहुतेकजण तसंच करतात.

दादा, तिला अडवू नका.

वनमाला


उमरगा, २१ मार्च १९६४

ती. दादांच्या चरणी वनूचा साष्टांग नमस्कार.

साष्टांगाची मोडलेली सवय पुन्हा जडली, असं समजा.

सोलापूरला डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं हे नीलानं कळवलं होतं. काल तुमच्या हातचं कार्ड आलं. अक्षर वाकडंतिकडं, ओळ वर चढलेली, पण तुमचं. 'नीलाचे लग्न राघवेंद्राशी वैशाखात ठरले. यावे.' एवढंच. मी ते कार्ड डॉक्टरांना दाखवलं, शरणम्मांना दाखवलं आणि शांताक्कांना तर वाचून दाखवलं.

आता तुमची पत्रं तुम्ही स्वतः वाचता. म्हणून आज ते लिहिते, जे नीलाच्या तोंडून तुम्हाला ऐकवता येत नव्हतं. दार लावून घ्या.

आधी नीलाचं. तिनं मला लिहिलं की राघवेंद्र आईबरोबर देवीच्या दर्शनाला आला, तेव्हा तुमची परवानगी घेऊन ती देवळाच्या पायऱ्यांवर त्याच्याशी बोलली आणि तिनं विचारलं. त्यानं काय उत्तर दिलं, ते तिनं मलाही कळवलं नाही. फक्त लिहिलं, 'आत्या, मी विचारलं. त्यांनी सांगितलं. मी लग्न करते आहे.' ही वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. ती पोरगी माझी आहे, दादा. तुमची असेल, पण माझीही आहे.

आता तुम्हाला माहीत नसलेलं. नीला देवळात गेली त्याच्या आधी भीमाशंकरराव इथं आले होते. संतापलेले. मुलाच्या टेबलावरची दौत त्यांनाही ठाऊक झाली होती. बाक सोडून माझ्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या भावानं माझ्या मुलाची अब्रू चव्हाट्यावर मांडली. आता मी विचारतो, तुम्ही उत्तर द्या. सहा-सात वर्षांमागं तुळजापूरचे हेडमास्तर दत्तोपंत पटका बांधून, नाव बदलून, याच बाकावर बसत होते की नाही? आमच्या एका गड्यानं त्यांना बघितलेलं आहे."

मी म्हणाले, "मी सांगणार नाही."

"नाही म्हणवत नाही ना? म्हणजे होयच."

"तुमच्या मुलाबद्दल माझ्या भावानं नेमका हाच हिशेब केला. तो तुम्हाला पटतो का?"

ते बाकावर बसले. मी म्हणाले, "माझ्या गप्प बसण्याचा अर्थ होय असेल, तर तो तुमच्या मुलालाही लागू आणि माझ्या भावालाही. नसेल तर कुणालाच नाही. एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरं, हे माझ्याकडं मिळणार नाही. तुम्ही ठरवा कुठलं घ्यायचं ते."

त्यांनी बसल्या बसल्या पाणी मागितलं, प्यायले, मग पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, "माझा मुलगा आला होता का, हे मलाही सांगणार नाही?"

"तुम्हालाही नाही."

ते उठले. जाताना हसले असावेत, पाठमोरे होते म्हणून दिसलं नाही. त्यानंतर आठवडाभरात राघवेंद्र आईला घेऊन तुळजापूरला आला. बापानं पाठवल्याशिवाय तो आला नसता, एवढं मी ओळखते.

आता शेवटचं, आणि हे मी एकदाच लिहिणार आहे.

सत्तावन्न सालच्या थंडीत एक माणूस आमच्या खिडकीशी आला. मोठा पटका, कपाळाला विभूती, दाढी वाढलेली. मी मान वर केली आणि तुम्हाला ओळखलं. तुम्हीही मला ओळखलंत. मला घराबाहेर काढून तुम्हाला तीन वर्षं झाली होती, मी कुठं आहे ते तुम्ही कधी विचारलं नव्हतं, आणि जिथं कुणी ओळखणार नाही म्हणून एवढ्या लांब आलात तिथं खिडकीत मीच. तुम्ही मागं फिरला असतात. तुमचा एक पाय मागं गेलेला मी पाहिला. मी म्हणाले, "नाव?"

तुम्ही म्हणालात, "शंकरप्पा."

मी म्हणाले, "बसा, शंकरप्पा. नंबर आला की बोलावते."

पहिली मात्रा डॉक्टर आपल्यासमोर प्यायला लावतात. तुम्ही पेला हातात घेतलात, डोळे मिटलेत आणि आप्पांनी शिकवलेला गंगेचा श्लोक पुटपुटलात, शेवटपर्यंत, स्पष्ट. कपाळाला विभूती लावली, पटका बांधला, नाव बदललं, पण औषध तसंच घशाखाली घालायला तुम्हाला जमलं नाही. आमचे डॉक्टर स्वतः लिंगायत, गळ्यात लिंग बांधणारे. कुठला शंकरप्पा संस्कृत श्लोक म्हणून औषध पितो हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी तुमच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "शंकरप्पा, फुडच्या बाजारी या." एवढंच. आजवर त्यांनी मला त्याबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही.

ती सगळी थंडी तुम्ही येत राहिलात. पोटाच्या दुखण्यावर कुण्या हकिमानं दिलेली गोळी वर्षानुवर्षं अंगात मुरली होती, आणि शाळेत पोरांना व्यसनावर व्याख्यानं देणारा माणूस स्वतःला तोंड दाखवू शकत नव्हता, हे मला तुमच्या चालण्यावरून कळायचं. आपण दोघं एकच वाक्य बोलायचो. मी म्हणायचे, "बाटली हलवून घ्या." तुम्ही म्हणायचात, "बरं, बाई."

दादा, मला बोलायचं नव्हतं असं समजू नका. बाटली पुढं करताना दर वेळी वाटायचं, विचारावं, ज्या नर्सला मेली म्हणालात तिच्या हातचं औषध कसं चालतं? नीला कशी आहे हे तर ओठांवर यायचं. पण बाकावर बसलेला माणूस शंकरप्पा होता. दादा बसले असते तर मी कडकडून भांडले असते. शंकरप्पाशी माझं काही भांडण नव्हतं. तो बरा व्हावा एवढंच मला हवं होतं, आणि तो झाला. शेवटच्या दिवशी तो खिडकीशी थांबला, म्हणाला, "उपकार झाले, बाई," आणि मागं न बघता गेला. मी आत जाऊन रडले. डोळ्यांत औषध उडालं म्हणून सांगितलं.

तेव्हापासून तुमच्याकडून पत्र नाही, निरोप नाही. त्याचं मी मनाला लावून घेतलं नव्हतं, लाज मोठी असते हे मी रोज बघते. पण त्याच बाकावर बसून उठलेल्या माणसानं मला लिहावं की त्या बाकावरच्या दुसऱ्याचं नाव सांग, हे मात्र मला सहन झालं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. तुमचं झाकण मी धरून बसले होते, दादा. तिन्ही पत्रं लिहिताना तुमचं नाव माझ्या लेखणीच्या टोकाशी होतं. एका ओळीत तुम्हाला गप्प करता आलं असतं. पण ती ओळ नीलानं वाचली असती, आणि तुमच्याशी भांडण जिंकायला मी शंकरप्पाला विकलं असतं. तो माझ्या भरवशावर त्या बाकावर बसला होता, तुमच्या नाही.

लग्नाला येईन. माझ्या पगाराच्या तिकिटानं, एस.टी.नं, माझ्या पांढऱ्या साडीत. मांडवात पुढं बसेन, नीलाची वेणी मीच घालेन, घट्ट. विधवेचा अपशकुन ज्याला वाटेल त्यानं मागं बसावं. बाबूराव येतील, त्यांनाही मी प्रकृती विचारणार नाही. आणि जेवणाच्या पंगतीत कुणी हळूच विचारलं, तुमचे दादा कधी उमरग्याला येऊन गेले होते का, किंवा नवरदेव कधी आला होता का, तर माझं उत्तर तुम्हाला पाठ झालेलं आहे.

हे पत्र जाळा किंवा ठेवा, नीलाला सांगा किंवा सांगू नका. शंकरप्पा तुमचा आहे, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी त्या नावाच्या माणसाला ओळखत नाही.

तुमची बहीण,
वनू